बर्फाळ डोंगरात हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखलेल्या स्की-पट्ट्या आणि राखलेले रस्ते सोडून बर्फात शिरणाऱ्या सगळ्यांसाठी ही उत्तरं आहेत, मग ते स्कीवर असोत, पायी असोत की शिखराच्या वाटेवर. वाचून कोणी तज्ज्ञ होत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाबरोबर काही दिवस बर्फात घालवावे लागतात. पण एक गोष्ट आधीच मनात पक्की केली, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. बर्फ 'जाऊ नका' म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा. 'जा' असं मात्र तो खात्रीने कधीच सांगत नाही.

हिमस्खलन नेमकं होतं कसं?

दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिल्यात सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून निसटतो आणि खाली जाताना पंख्यासारखा पसरतो. हा बहुतेकदा लहान असतो, तरी कड्यावरून ढकलून द्यायला पुरेसा असतो.

माणसं जास्त मरतात ती दुसऱ्या प्रकारात. त्याला स्लॅब म्हणतात. घराचा स्लॅब कच्च्या खांबांवर उभा आहे अशी कल्पना करा. वर एकमेकांना धरून बसलेला, सलग बर्फाचा थर असतो आणि त्याच्या खाली ठिसूळ, पोकळ असा कच्चा थर. तुमच्या वजनाने कच्चा थर एका जागी मोडतो आणि ही मोड स्लॅबच्या खालून क्षणात दूरवर पळत जाते. मग अख्खा उतार एकदम सुटतो. वरची तडाची रेघ बऱ्याचदा तुमच्या डोक्याच्याही वर उमटते, म्हणजे तुम्ही सरकत्या तुकड्याच्या मधोमध असता.

50 मीटर लांब, 50 मीटर रुंद आणि फक्त अर्धा मीटर जाड स्लॅब घ्या. डोंगराच्या मानाने हा अगदी लहान तुकडा झाला. घनमीटरला 200 किलो धरले तरी त्याचं वजन 250 टन भरतं. 'छोटंसंच तर होतं' हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

आणखी एक गोष्ट मन लावून वाचा. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे 90 टक्के अपघातांत स्खलन सुरू होतं ते सापडलेल्या माणसामुळे किंवा त्याच्याच गटातल्या कोणामुळे. याचा अर्थ, बहुतेक वेळा निर्णय आपल्या हातात असतो.

मोठ्याने ओरडल्याने बर्फ कोसळतो का?

नाही. आवाजाच्या लहरींचा दाब कच्चा थर मोडायला फारच अपुरा असतो. सुरुंगाचा स्फोट वेगळा. कोणी सापडलं तर बिनधास्त ओरडा.

उतार किती असेल तर धोका मानायचा?

मला एकच प्रश्न विचारायची परवानगी असेल, तर मी हाच विचारेन. बर्फ तासातासाला बदलतो, उताराचा कोन मात्र नकाशावर आदल्या रात्रीच मोजता येतो.

बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, आणि सर्वात जास्त 38 अंशांच्या आसपास. त्याहून फार उभ्या जागी बर्फ साचण्याआधीच घसरत राहतो, तर 30 च्या खाली तो सहसा सुटत नाही. गंमत म्हणजे स्कीला सर्वात मजा येते तीही याच पट्ट्यात. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. थकलेला माणूस आणि उत्साहातला माणूस, दोघांचाही अंदाज चुकतो.

नकाशावर मोजायचं असेल तर 1:25,000 च्या नकाशावर 20 मीटरच्या समोच्च रेषा बघा. दोन रेषांमधलं अंतर सुमारे 1.4 मिलिमीटर असेल तर उतार 30 अंशांचा आहे. 0.8 मिलिमीटर असेल तर 45 चा. रेषा याहून जवळ आल्या की तिथे कडा आहे. पण 20 मीटरच्या अंतरात लपलेला छोटा उभा टप्पा नकाशा दाखवत नाही, हे विसरू नका.

जागेवर मोजायला क्लिनोमीटर किंवा फोनमधलं कोनमापक चालतं. तेही नसेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या सरळ रेषेत बर्फावर दाबून खूण उमटवा. तिचं वरचं टोक तिथेच रोवून ठेवा आणि खालचं टोक उचला. उचललेल्या टोकापासून दुसरी काठी सरळ खाली लोंबती धरा आणि पहिली अशी वरखाली करा, की लोंबत्या काठीचं टोक बर्फाला जेमतेम टेकेल. ते खुणेच्या खालच्या टोकावर पडलं तर उतार 30 अंश आहे. खुणेच्या खाली गेलं तर दर 10 सेंटिमीटरला साधारण 3 अंश वाढवा.

एवढ्यावर थांबू मात्र नका. तुम्ही सपाटीवर असाल, पण डोक्यावर 38 अंशांचा उतार लटकत असेल, तर धोका तुमच्यापर्यंत येतो. कच्चा थर जिथे दूरवर पसरलेला असतो, तिथे पायथ्याच्या सपाटीवर पाऊल पडल्यानेही वरचा उतार सुटू शकतो. 23 फेब्रुवारी 1999 रोजी ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात स्खलन थेट घरांपर्यंत पोहोचलं आणि 31 जण मेले. सुरक्षित म्हणून ठरवलेल्या भागातली घरंही त्यात सापडली. म्हणून 'मी कुठे उभा आहे' याबरोबर 'माझ्या वर काय आहे' हेही दर पाच मिनिटांनी बघत जा.

आणि खाली काय आहे, तेही बघायचं का?

हो, तेवढंच. अरुंद नाळ, घळ, ओढ्याचं पात्र, हिमभेग किंवा कड्याचा माथा खाली असेल तर गुडघाभर बर्फाचं स्खलनसुद्धा जीव घेतं. मोकळ्या, रुंद उतारावर पसरून जाणारा बर्फ घळीत शिरला की मीटर-दोन मीटरचा ढीग होतो. सोंडेवरून किंवा धारेवरून चढणारी वाट लांबची असली तरी तीच निवडा.

कच्चा थर तयार कसा होतो? बर्फ जुना झाला की घट्ट होत नाही का?

नव्या बर्फापुरतं ते बरंचसं खरं आहे. वादळात पडलेला बर्फ एक-दोन दिवसांत बसतो, दाणे एकमेकांना धरतात. पण थंडी आणि कमी बर्फ एकत्र आले की उलटं घडतं.

जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या जवळ असतो आणि पृष्ठभाग, समजा, उणे 15 ला. बर्फाची जाडी जितकी कमी, तितका तापमानातला हा फरक थोड्या अंतरात कोंबला जातो. दर 10 सेंटिमीटरला 1 अंशापेक्षा जास्त फरक पडू लागला की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि गोलसर दाण्यांचे कंगोरेदार, सुटे दाणे होतात. मुठीत घेतले तर ते जाड्या साखरेसारखे बोटांमधून गळतात, गोळा बांधता येत नाही. वरून जड बर्फ पडला की हा थर दबून राहतो, आणि आठवडे, कधी कधी महिने तसाच कच्चा राहतो.

दुसरा कच्चा थर डोळ्यांना फार सुंदर दिसतो. निरभ्र, शांत, गार रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर गोठलेलं दहिवर जमतं, पिसांसारखे चकाकणारे पातळ स्फटिक. उघड्यावर असतं तोवर ते कोणाचं काही बिघडवत नाही. त्यावर नवा बर्फ पडून ते गाडलं गेलं की स्लॅबखालचे खांब तयार झालेच. म्हणून चांगल्या हवेच्या आठवड्यात पृष्ठभागाकडे लक्ष द्या आणि कुठल्या दिशेच्या उतारावर काय दिसलं ते लिहून ठेवा. पुढच्या वादळानंतर तीच नोंद उपयोगी पडते.

याच कारणामुळे 'या मोसमात बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी' हा समज मला फार धोक्याचा वाटतो. पातळ बर्फात कच्चे थर जास्त बनतात, आणि खडकांच्या आजूबाजूला, जिथे बर्फ सर्वात पातळ असतो, तिथेच माणसाचं वजन त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतं.

हवामानातलं नेमकं काय बघायचं?

बर्फ, पाऊस, वारा, तापमान. बर्फ किती पडला यापेक्षा किती वेळात पडला हे महत्त्वाचं. 24 तासांत 30 सेंटिमीटर पडला तर सावध व्हा, आणि तासाला दोन-अडीच सेंटिमीटरने पडत असेल तर उभ्या उतारांपासून दूर राहा. कोरड्या बर्फावर पाऊस पडू लागला तर विचार करत बसू नका, निघा. पाऊस वजन वाढवतो, पण बळकटी जराही देत नाही.

सर्वात कमी लक्ष दिलं जातं ते वाऱ्याकडे. आकाश निळं असतं, एक कणही पडत नसतो, आणि वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचत असतो. वाऱ्याआडच्या उतारावर ढगातून पडण्याच्या कित्येक पट वेगाने थर साठतो. धारेवरून पांढरा धुरळा उडताना दिसला की समजा, पलीकडे स्लॅब बांधला जातोय. असा बर्फ गुळगुळीत, उशीसारखा फुगीर दिसतो आणि पायाखाली पोकळ वाजतो. धारेवर वाऱ्याने बाहेर काढलेली बर्फाची पडवी, म्हणजे कॉर्निस, कोणत्या बाजूला झुकली आहे त्यावरून वारा कुठून वाहिला ते कळतं. तिच्या कडेपासून बरंच आत चाला. ती तुटते तेव्हा वाटतं त्यापेक्षा खूप मागून तुटते.

इशाऱ्याच्या पत्रकात 'पातळी 3' असेल तर जाता येतं का? पाचातली मधलीच तर आहे.

हा गैरसमज मनापासून काढून टाका. युरोपात 1993 पासून पाच पातळ्यांची एकच मोजपट्टी वापरतात आणि उत्तर अमेरिकेतही पाचच पातळ्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिशय जास्त. पण एका पायरीवरून दुसरीवर जाताना धोका एकाने वाढत नाही, पटीत वाढतो. पातळी 3 ला अनेक उभ्या उतारांवर एका माणसाचं वजन पुरतं. 4 आणि 5 ला लोक घरी बसतात. 3 ला आकाश स्वच्छ असतं, बर्फ ताजा असतो, आणि मृत्यूंचा सर्वात मोठा वाटा याच पातळीवर पडतो.

नवख्यांना एक साधी चौकट उपयोगी पडते. ती स्विस पर्वतमार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी मांडली. पातळी 2 ला 40 अंशांच्या खाली राहा, 3 ला 35 च्या खाली, 4 ला 30 च्या खाली. इथे अंश मोजायचे ते वाटेतल्या सर्वात उभ्या जागेचे, सरासरीचे नाही. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं 3 ला 30 च्याच खाली राहावं.

आकडा वाचून पत्रक बंद करू नका. कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारांवर आणि कुठल्या प्रकारचा त्रास आहे हे खाली लिहिलेलं असतं: नवा बर्फ, वाऱ्याने रचलेला स्लॅब, टिकून राहिलेला कच्चा थर, ओला बर्फ की अख्खा थर जमिनीवरून घसरणं. वाट ठरते ती या मजकुरावरून.

जिथे असं पत्रक निघतच नाही, तिथे काय करायचं?

हिमालयासाठी चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था जिल्हा आणि उंचीनुसार इशारे देते. ते जरूर बघा. पण ठराविक खोऱ्यातल्या ठराविक उताराबद्दल त्यातून कळेलच असं नाही, आणि जगातल्या अनेक पर्वतरांगांत तेवढंही नसतं. अशा ठिकाणी गेल्या दोन आठवड्यांचं हवामान स्वतः जुळवा, तिथल्या लोकांना अलीकडे कुठे बर्फ सुटला ते विचारा, आणि माहिती नसणं म्हणजेच जास्त धोका असं धरून 30 अंशांच्या आत राहा. मोसमाच्या भरवशावरही राहू नका. उत्तरकाशीजवळच्या द्रौपदी का दांडा शिखरावर गिर्यारोहण शिकणाऱ्यांचा मोठा गट स्खलनात सापडला, तो दिवस 4 ऑक्टोबर 2022 होता, हिवाळ्याच्या कितीतरी आधीचा.

चालताना कोणती खूण दिसली की परत फिरायचं?

ताज्या स्खलनाच्या खुणा. त्याच दिशेच्या, तेवढ्याच उभ्या शेजारच्या उतारावर बर्फ सुटला असेल, तर तुमचाही सुटेल असं समजा.

पायाखाली 'धप्' असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खचणं. तो कच्चा थर मोडल्याचा आवाज आहे. सपाटीवर होता म्हणून वाचलात.

पावलापासून काचेसारखी तड पुढे पळणं.

यातली एकही खूण मिळाली तर चर्चेची गरज नाही. उभा उतार त्या दिवसापुरता संपला. उलट, यातलं काहीच दिसलं नाही म्हणून उतार चांगला ठरत नाही. दबून बसलेला कच्चा थर बऱ्याचदा काही न सांगता सुटतो.

खड्डा खणून बर्फाची चाचणी केली तर खात्री मिळते का?

खात्री नाही, माहिती मिळते. खणा, कारण थर डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते समजत नाहीत. जागा निवडा ती ज्या उताराबद्दल प्रश्न आहे त्याच दिशेची आणि साधारण त्याच उंचीची, पण जिथे सुटलं तरी तुम्ही सुरक्षित राहाल अशी. भिंत सरळ कापा. मग वरून खाली हात दाबत या: मूठ जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी. कडक थराखाली अचानक मूठ आत गेली तर तिथेच थांबून तो थर नीट बघा.

त्यानंतरची सर्वात उपयोगी चाचणी म्हणजे लांब स्तंभाची. 90 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर आत असा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवा आणि त्यावर मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 अशा थापा मारा. थर मोडून तड एका झटक्यात पलीकडच्या टोकापर्यंत गेली, तर हा उतार तड पसरवू शकतो. परत फिरा. तड पातं ठेवलेल्या टोकापाशीच थांबली, तर त्या एका जागी, त्या वेळी, ती पसरली नाही. अर्थ एवढाच. वीस पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. आधी ठरवलेल्या बेताला चांगल्या निकालाच्या जोरावर धोक्याचा उतार जोडू नका. वाईट निकालावरून वाट रद्द करा, हाच चाचणीचा योग्य वापर.

आधीच्या लोकांच्या पायखुणा आहेत. मग उतार टिकणारच ना?

नाही. पाचवा, दहावा, विसावा माणूस कच्च्या थराच्या नेमक्या पातळ जागेवर पाय ठेवतो आणि उतार जातो.

झाडीत सुरक्षित असतो का?

झाडी इतकी दाट असेल की त्यातून स्की नेणंच कठीण, तर बऱ्यापैकी. विरळ झाडीत बर्फ सुटतो, आणि तेव्हा झाडांवर आपटून माणसं मरतात. कॅनडातल्या हिमस्खलन-मृत्यूंच्या अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा गुदमरून नव्हे, आघाताने झालेल्या मृत्यूंचा निघाला. एका बाजूच्या फांद्याच मोडलेल्या दिसल्या तर ती स्खलनाची नेहमीची वाट आहे.

अत्यावश्यक साधनं कोणती?

ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधण्यासाठी रेडिओ-संदेश पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब, घडीची काठी), धातूचं फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही. गटात एकच फावडं असेल आणि तेच गाडलं गेलं तर? ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर चालतो, कंपनी कोणतीही असो. तो अंगावर, आतल्या कपड्यांच्या थरावर बांधा, पाठपिशवीत ठेवू नका. फोन आणि इतर विजेवरची साधनं त्याच्यापासून 20 सेंटिमीटर, आणि शोध घेताना 50 सेंटिमीटर लांब ठेवा. निघताना प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर संदेश पाठवतो का आणि पकडतो का, हे एकेकाला समोरून चालायला लावून तपासा.

एअरबॅगमुळे, म्हणजे दोर ओढताच पाठपिशवीतून फुगणाऱ्या हवेच्या पिशवीमुळे, पूर्ण गाडलं जाण्याची शक्यता कमी होते. सूप हलवल्यावर जाडे दाणे वर येतात, तेच तत्त्व. पण कड्यावरून पडणाऱ्याला किंवा घळीत खोल पुरल्या जाणाऱ्याला तिचा आधार थोडाच.

साथीदार गाडला गेला तर किती वेळ असतो?

10 मिनिटं. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी 10 मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांतले 10 पैकी 9 जगतात, अर्ध्या तासाला हा आकडा 10 पैकी 3 वर येतो. हेलिकॉप्टर एवढ्यात पोहोचत नाही. वाचवणारे तुम्हीच.

तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवा. वरून आणखी काही सुटणार नाही ना, हे बघा. सगळ्यांचे ट्रान्सीव्हर शोध-स्थितीत न्या, कारण एकाचा विसरला तर सगळे त्याच्याकडेच धावतात. त्या जागेखाली शोधत उतरताना हातमोजा, काठी, बूट असं काही वर दिसतं का तेही बघा. ट्रान्सीव्हरवरचा अंतराचा आकडा 3 मीटरच्या खाली आला की यंत्र बर्फाला टेकवून सावकाश आडवं-उभं फिरवा. सर्वात कमी आकड्याच्या जागेपासून गोल गोल, 25 सेंटिमीटरच्या अंतराने प्रोब टोचा, उताराला काटकोनात. लागला की तो काढू नका.

खणताना सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि याचा सराव सगळ्यात कमी लोक करतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. प्रोबच्या डोक्यावरून खाली खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने, गाडलेल्या खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवं आत शिरा. बर्फ उचलून फेकू नका, मागच्याकडे सरकवा. चेहरा मोकळा झाला की तोंड-नाकातला बर्फ काढा. श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छाती दाबायला सुरुवात करा. शुद्धीवर असला तरी त्याला उभं करून चालवू नका. आडवं ठेवा, गुंडाळा, गरम ठेवा.

गटातले सगळे पुढे जायला तयार आहेत, मला एकट्यालाच नको वाटतंय. काय करू?

बोला. अमेरिकेतल्या शेकडो अपघातांचा अभ्यास करून इयन मॅकॅमन यांनी दाखवलं, की बहुतेक वेळा धोक्याच्या खुणा समोर होत्या. माणसं ओळखीच्या उतारामुळे, ठरवलेल्या बेतामुळे, गटातल्या 'जाणत्या'वरच्या विश्वासामुळे पुढे गेली. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो: एकाने नाही म्हटलं की सगळे परत, आणि कारण विचारायचं ते खाली पोहोचल्यावर. हा नियम गाडीतून उतरण्याआधी ठरवा. उताराच्या तोंडाशी उभं राहून असा नियम करता येत नाही.

सकाळी चढलो तोच उतार दुपारी उतरायला ठीक असेल ना?

वसंतात नाही. रात्री गोठलेला बर्फ पहाटे दगडासारखा असतो. उन्हाने वरची साल विरघळते, पाणी झिरपून दाण्यांमधली पकड सोडवतं, आणि पूर्वेकडचे उतार आधी, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे, असे एकामागून एक नरम पडतात. खडकांखालून बर्फाचे गोळे सुटून गडगडत येऊ लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतू लागला की उशीर व्हायला लागला आहे. रात्री ढग राहिले असतील, तर तारीख कोणतीही असो, बर्फ नीट गोठलेलाच नसतो. अशा दिवशी परतीची वेळ दोन तास अलीकडे ओढा, किंवा पहाटे बूट रुततोय असं दिसलं तर निघूच नका.